लाल झाकणाखालचं बटण

गल्लीत त्यांना तोंडावर सगळे बाई म्हणत आणि पाठीमागे शॉर्टसर्किट. हे दुसरं नाव त्यांना माहीत होतं. एकदा बॅटरीवाल्याच्या तोंडून ते चुकून त्यांच्यासमोरच निसटलं. बाईंनी हातातली पक्कड खाली ठेवली आणि शांतपणे सांगितलं, की शॉर्टसर्किट होतं ते जोडणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे, त्यात वायरच्या स्वभावाचा काही संबंध नसतो. मग त्याच्याच दुकानाच्या दारावर लोंबणाऱ्या उघड्या जोडाकडे बोट दाखवून त्यांनी त्याची अशी हजेरी घेतली, की तो बिचारा दुपारपर्यंत शटर अर्धं ओढून आत बसून राहिला.

मी त्यांच्या शेजारचा. गाड्यांची सीटकव्हरं शिवतो. आमच्या दोन दुकानांच्या मध्ये पत्र्याची भिंत आहे, म्हणजे नावापुरतीच भिंत. पलीकडे बाईंनी नुसता सुस्कारा सोडला तरी माझ्या मशीनपर्यंत यायचा, आणि बाई सुस्कारे फार कमी सोडायच्या. त्या ओरडायच्या. वायरींना टेपऐवजी प्लास्टिकची पिशवी गुंडाळणाऱ्यांवर, फ्यूजच्या जागी तार घालणाऱ्यांवर, 'नवरा नाहीये का दुकानात' असं विचारणाऱ्यांवर. हा शेवटचा प्रश्न विचारणारा माणूस बहुधा दुसऱ्यांदा यायचा नाही. आला तर आधी खोकून, दारातच चपला घासून यायचा.

लग्नाआधी बाई गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधणाऱ्या कारखान्यात होत्या. लांबलचक फळ्यांवर खिळे ठोकलेले. त्यांच्यातून रंगीत वायरी ओढायच्या, टेप गुंडाळायची, टोकं दाबून बसवायची. शेवटच्या टेबलावर तपासणी, आणि ते टेबल बाईंचं. एकदा माल पाठवायची घाई होती म्हणून सुपरवायझर म्हणाला, आज तपासत बसू नका, नुसता शिक्का मारा. बाईंनी शिक्का त्याच्या हातात दिला आणि सांगितलं, तुम्हीच मारा, माझ्या हातून हे व्हायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने त्यांना झाडलोट करायला लावली. बाईंनी झाडू त्याच्या टेबलाला टेकवून ठेवला, डबा उचलला आणि घरी आल्या. हा किस्सा त्या स्वतः कधी सांगत नसत. त्यांचे यजमान सांगायचे, आणि दर वेळी सांगताना त्यांचीच छाती फुगायची.

यजमान शाळेची बस चालवत. मुलं त्यांना बसकाका म्हणत, म्हणून आम्हीही बसकाकाच म्हणायचो. इतका सावकाश माणूस मी दुसरा पाहिला नाही. पिवळी बस रस्त्याच्या कडेकडेने अशी चालवायचे, जणू मागच्या सीटवर कुणी तुडुंब भरलेली कढई मांडीवर घेऊन बसलंय. बोलणंही तसंच. बाई म्हणायच्या, "तुम्ही भांडतानासुद्धा दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही. मी एकटीने किती ओढायचं?"

आणि या दोघांची एकुलती एक लेक भिंगरी. चालायला लागल्यापासून ती एका जागी ठरली नाही, म्हणून हे नाव पडलं आणि मोठेपणीही चिकटून राहिलं. चष्म्याच्या दुकानात ती काचा घासायचं काम करायची. काम अगदी निगुतीचं. काच जरा जास्त घासली गेली की वाया. दिवसभर इतकं सांभाळून काम करणारी मुलगी सुट्टीच्या दिवशी काय करते, हे बाईंना माहीत नव्हतं. मैत्रिणीकडे जाते, असं त्यांना सांगितलेलं होतं.

एका दुपारी भिंगरी पुठ्ठ्याचं खोकं घेऊन दुकानात आली आणि तिने ते आईच्या टेबलावर रिकामं केलं. जाळीदार पोलादी पाइपचं वेटोळं, एक छोटा व्हॉल्व्ह, रिलेची डबी, आणि एक बटण, त्यावर उघडमीट होणारं लाल झाकण. मी तेव्हा बाईंकडेच कात्री मागायला गेलो होतो. बाईंनी बटण उचललं. झाकण उघडलं, मिटलं, परत उघडलं. ते काय आहे हे त्यांना क्षणात कळलं होतं. शर्यतीच्या गाड्यांना जादा दम देणारी गॅसची यंत्रणा. मागे डिकीत गॅसची बाटली बसते, बटण चालू करून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की व्हॉल्व्ह उघडतो, गॅस इंजिनात शिरतो आणि गाडी पाठीत लाथ बसल्यासारखी पुढे उसळते.

"कुणाच्या गाडीसाठी?" बाईंनी विचारलं.

"माझ्या."

"तुझी गाडी कुठून आली?"

मग एकेक बाहेर येऊ लागलं. गाडी बसकाकांच्या एका जोडीदाराची, जुनी, पांढरी, चार दारांची. बसकाकांनीच ती लेकीला मिळवून दिली होती. बसच्या डेपोमागे ती उभी असायची. गावाबाहेर विमानांची जुनी धावपट्टी आहे, तिथे आता विमानं उतरत नाहीत. मोटर क्लबवाले तिथे रीतसर शर्यती घेतात, हेल्मेट, ॲम्ब्युलन्स, परीक्षक, सगळं असतं. दोन दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या आणि सरळ रेषेत सोडायच्या. भिंगरी तिथे कित्येक महिने जात होती, जिंकतही होती. आता वरच्या गटात जायचं तर ही यंत्रणा हवी होती.

बाई सगळं ऐकून घेत होत्या आणि मला तेच भीतीदायक वाटत होतं. कात्री तशीच टाकून मी सटकलो. मी माझ्या स्टुलावर बसेपर्यंत पत्रा थरथरायला लागला. त्यांना गाडी खुपली, खोटं खुपलं, पण सगळ्यात जास्त खुपलं ते नवऱ्याचं गप्प राहणं. जो माणूस चाळीसच्या वर काटा जाऊ देत नाही, त्याने लेकीच्या हातात शर्यतीची गाडी द्यावी आणि घरी येऊन मुकाट्याने जेवावं. त्या संध्याकाळी बसकाका दुकानात आले तेव्हा बाईंनी त्यांना आत येऊ दिलं नाही. ते फुटपाथवर उभे राहिले आणि म्हणाले, की तुला सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. बाई म्हणाल्या, नाही म्हणायचा माझा हक्क तुम्ही परस्पर खाल्लात.

कित्येक दिवस असं चाललं. भिंगरी येई, विचारी, बाई खोकं तिच्या अंगावर ढकलून देत. शेवटी ती म्हणाली, ठीक आहे, पुलापलीकडचा म्युझिक सिस्टिमवाला बसवून द्यायला तयार आहे. हा माणूस दाताने वायर सोलतो. त्याने जोडलेल्या गाड्या पुढे बाईंकडेच यायच्या, जळक्या वासासकट. मग पलीकडून आवाज आला, "आण गाडी."

गाडी एका सुट्टीच्या दुपारी आली. गल्ली बंद होती. मी एका गिऱ्हाइकाचं राहिलेलं काम उरकायला आलो होतो. बाईंनी आधी बॅटरीची तार सोडवली, मग डॅशबोर्डचा खालचा पत्रा काढला आणि गाडीत पाठीवर आडव्या झाल्या. बॅटरीपासून फ्यूज घालून एक वायर बटणापर्यंत आणली. स्टेअरिंगवरचा हात लांबवला की सहज सापडेल पण चुकून धक्का लागणार नाही, अशी बटणाची जागा त्यांनी लेकीला सीटवर बसवून, पट्टा बांधायला लावून ठरवली. बटणाशेजारी हिरवा दिवा. ॲक्सिलरेटरच्या खाली एक छोटा स्विच, पायडल तळाला टेकल्याशिवाय न दाबला जाणारा. म्हणजे नुसतं बटण चालू करून गॅस सुटणार नाही. बटण चालू हवं आणि पायही पूर्ण खाली हवा. दोन्ही जुळलं की रिलेच्या डबीत 'टक्' होणार आणि तिच्यातून व्हॉल्व्हला करंट जाणार. हे सगळं त्यांनी इतकं नेटकं केलं, की मी शिवणकामातला माणूस असूनही दोन मिनिटं बघत उभा राहिलो. टेपचा प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर बरोबर अर्धा.

मग त्यांनी भिंगरीला माझ्या दुकानातून पाणी आणायला पाठवलं. ती गेली आणि बाईंनी रिलेतून व्हॉल्व्हकडे जाणारी निळी वायर काढली, तिच्या टोकाला टेप गुंडाळली आणि जुडग्याच्या मागे सारून दिली.

हे त्या वेळी मी पाहिलं नाही, कुणीच पाहिलं नाही. नंतर बाईंनीच सांगितलं. भिंगरी पाणी घेऊन परतली, गाडीत बसली, झाकण उघडून बटण वर केलं. हिरवा दिवा लागला. पायडल तळाला नेलं. टक्. गॅसची बाटली क्लबच्या मैदानावरच भरून मिळायची, त्यामुळे याहून जास्त काही तपासायची सोय नव्हती, आणि तिला गरजही वाटली नाही. आईने जोडलेलं होतं. ती उतरली आणि तिने आईला मिठी मारली. बाई म्हणाल्या, दूर हो, माझे हात काळे आहेत.

बाईंचा हिशेब सरळ होता. गॅस यायचा नाही, लेक हरेल, यंत्रणाच भिकार म्हणून चिडेल, दोन-चारदा हरली की नाद सोडेल. भांडण नाही, रडारड नाही. पुढचे काही दिवस बाई कुणावर ओरडल्या नाहीत. आम्ही गल्लीतले सगळे धास्तावलो. बॅटरीवाल्याने मला हळूच विचारलं, बाईंची तब्येत बरी आहे ना.

शर्यतीच्या दिवशी बसकाकांनी शाळेच्या परवानगीने बस काढली आणि गल्लीतल्या ज्याला यायचं त्याला घेतलं. आलो मी, बॅटरीवाला, आणि बाई. बाई येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. त्या ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसल्या आणि मैदान येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या. बसमधल्या सीट लहान मुलांच्या मापाच्या. गुडघे हनुवटीला लावून मी आणि बॅटरीवाला मागे बसलो होतो.

धावपट्टी लांबलचक, दोन्ही कडांना डांबर फुटून खडी झालेली, पलीकडे गवत आणि टायरांचे रचलेले ढीग. भिंगरीची गाडी एका निळ्या गाडीशेजारी उभी राहिली. सुटण्याच्या खुणेचा दिवा हिरवा झाला आणि दोन्ही गाड्या सुटल्या. सुरुवातीला भिंगरी पुढे होती. मग निळी गाडी तिला गाठायला लागली, आणि आम्ही सगळे वाट बघत होतो, की आता ही बटण चालू करेल आणि उसळेल.

तिने बटण कधीच चालू केलं होतं. पायडल तळाला होतं, बटणाशेजारचा दिवा जळत होता, आणि गाडी उसळत नव्हती. तिला वाटलं, पाय पूर्ण गेला नसेल. तिने आणखी जोर दिला. मग वाटलं, बटण अर्धवट अडकलं असेल. तिने एक हात स्टेअरिंगवरून काढला, मान खाली घातली आणि बटण खाली-वर केलं. तेवढ्यात गाडीचं एक चाक खडीत गेलं.

लांबून आम्हाला एवढंच दिसलं, की गाडी कडेला झुकली, परत डांबरावर यायला गेली, गर्रकन फिरली, गवतात शिरली आणि टायरांच्या ढिगावर आडवी आदळली. आवाज फार मोठा झाला नाही. बसकाका धावत सुटले. मी त्यांना आयुष्यात धावताना पाहिलं नव्हतं. ते सगळ्यांच्या पुढे होते. बाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी समोरचा कठडा दोन्ही हातांनी धरला होता.

भिंगरी स्वतःच्या पायांनी बाहेर आली. डाव्या हाताचं मनगट मोडलं होतं, ते दुसऱ्या हाताने धरून ती उभी राहिली, चेहरा पांढराफटक. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी फळी बांधली, बर्फ लावला. क्लबचा नियम असा, की गाडी पट्टीबाहेर गेली तर ती जागीच तपासायची. परीक्षक वयस्क होता, फारसा बोलणारा नव्हता. त्याने डॅशबोर्डखालचा पत्रा काढला, टॉर्च मारला, बोट घालून चाचपलं आणि जुडग्यामागून निळ्या वायरचं गुंडाळलेलं टोक ओढून बाहेर काढलं.

"ही तुटलेली नाही," तो म्हणाला. "काढून ठेवलेली आहे. कुणी जोडलं हे?"

भिंगरीने त्या टोकाकडे पाहिलं. टेपचे वेढे एकावर एक, अर्धे अर्धे. तिला विचारावं लागलं नाही. तिने मान वळवून आईकडे पाहिलं.

"मी," बाई म्हणाल्या.

परीक्षकाने दोघींकडे पाहिलं आणि टॉर्च बंद केला. लागतं त्यापेक्षा एक शब्द जास्त तो बोलला नाही. म्हणाला, चालवणाऱ्याला माहीत नसलेली गोष्ट गाडीत ठेवून गाडी पट्टीवर आणायची नाही, आणि निघून गेला. भिंगरी ॲम्ब्युलन्समध्ये बसली आणि आईला चढू दिलं नाही. तिच्याबरोबर बॅटरीवाला गेला.

बस परत निघाली. आत आम्ही तिघंच. बाईंनीच सुरुवात केली, आणि सुरुवात केली ती बसकाकांवर. तुम्ही गाडी दिलीत, तुम्ही लपवलंत, तुम्ही वेळेवर सांगितलं असतंत तर हा दिवस आला नसता. आवाज चढत गेला. भिंगरीवर घसरल्या, क्लबवर घसरल्या, गाडीच्या मूळ मालकावर घसरल्या. जगात जो जो सापडेल तो तो धरून झोडपत होत्या. बसकाका गाडी चालवत होते. मग त्यांनी सिग्नल दिला, बस कडेला घेतली, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि मागे वळले.

"तू गप्प बस," ते म्हणाले. हे तीन शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो आणि बहुधा बाईही. "मी लपवलं, ते चुकलं. त्याबद्दल मला हवं ते बोल. पण मी तिला गाडी दिली तेव्हा ब्रेक स्वतः तपासून दिली होती. पट्टे शिवून घेतले होते. तिला जे दिलं ते खरं दिलं होतं. तू तिला खोटं बटण दिलंस. ती त्या खोट्या बटणाकडे बघत होती म्हणून चाक खाली गेलं. शिक्का मारायला नाही म्हणणारी बाई होतीस तू. मी ते लोकांना सांगत फिरतो."

बाईंचं तोंड उघडं राहिलं होतं. मी मागच्या सीटवर पाय आवळून बसलो होतो आणि पहिल्यांदा मला त्या छोट्या सीटचं बरं वाटलं, निदान लपता येत होतं. मग बसकाका पुढे फिरले, इंजिन चालू केलं, आरशात बघितलं आणि नेहमीच्याच चालीने बस रस्त्यावर घेतली.

भिंगरीचा हात प्लास्टरमध्ये गेला. चष्म्याच्या दुकानातून रजा घेऊन ती घरी बसली. घरात आई आली की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. घर दोनच खोल्यांचं, त्यामुळे ती सारखीच उठबस करत असे. एकदाच तोंड उघडलं. बाईंनी दुधाचा कप पुढे ठेवला आणि म्हणाल्या, की मी जे केलं ते तुझ्या जिवासाठी केलं.

भिंगरी म्हणाली, "तू नाही म्हणाली असतीस तर मी चिडले असते. पुलापलीकडे गेले असते. पण त्याचं काम मी दहादा तपासलं असतं, आई. तुझं तपासलं नाही."

दूध तसंच राहिलं. हे बसकाकांनी मला सांगितलं. त्यानंतरचे दिवस गल्लीवर फार वाईट गेले. बाईंचा राग परत आला, पण त्याला पूर्वीची चव राहिली नव्हती. पूर्वी त्या चुकणाऱ्यावर चिडायच्या, आता कुणावरही. एका गिऱ्हाइकाने नुसतं विचारलं, बाई, तपासलंत ना नीट, तर त्यांनी त्याच्या गाडीची चावी रस्त्यावर भिरकावली. नंतर स्वतःच जाऊन उचलून आणली, फडक्याने पुसली आणि त्याच्या हातात दिली. तो माणूसही गोंधळून गेला.

दुरुस्त झालेली गाडी बसकाकांनी डेपोतून आणून सरळ घराच्या अंगणात लावली. आता लपवाछपवी नको, म्हणाले. आणि एका सकाळी भिंगरी एका हाताने तिचा डॅशबोर्ड उघडून बसली. यंत्रणा तीच, बटण तेच. तिला सगळी जोडणी स्वतःच्या हाताने नव्याने करायची होती. दुसरा हात प्लास्टरमध्ये म्हणून मदतीला बसकाका. बसकाकांना वायरीतलं काडीचं कळत नाही. ती लाल म्हणायची, ते तपकिरी द्यायचे. ती ओढा म्हणायची, ते ढकलायचे. स्वयंपाकघराची खिडकी अंगणात उघडते. बाई आत भांडी घासत होत्या आणि बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. बसकाका म्हणतात, त्या सकाळी एकच पातेलं इतका वेळ घासलं गेलं, की त्याची कल्हई निघाली.

शेवटी फ्यूज उडाला. मग दुसरा लावला, तोही उडाला. भिंगरीने हातातला पाना गवतात फेकला आणि मान स्टेअरिंगवर टेकवली. बाई ओल्या हातांनी बाहेर आल्या. बसकाकांना वाटलं, आता बाई त्यांना बाजूला सारतील आणि स्वतःच करायला घेतील. भिंगरीलाही तसंच वाटलं असणार, कारण ती मान न उचलता म्हणाली, "हात लावू नकोस."

"लावत नाही," बाई म्हणाल्या. "मी हे बसवणार नाही. आज नाही आणि पुढेही नाही. मला तू त्या गाडीत बसलेलीच नकोयस. मला भीती वाटते. खूप भीती वाटते आणि तिचा मला भयंकर राग येतो. हे तेव्हाच सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही. आता सांगते. नाही."

भिंगरीने मान वर केली. आईच्या हातांवरून साबणाचं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं.

"बरं," ती म्हणाली. "मग माझी मी करते."

"कर."

बाई आत निघाल्या, दारापर्यंत गेल्या आणि पाठमोऱ्याच थांबल्या. म्हणाल्या, पायडलखालच्या स्विचची वायर पत्र्याला घासतेय का बघ. आणि आत जाऊन त्यांनी खिडकी लावून घेतली. वायर खरंच घासत होती. तिसरा फ्यूज टिकला. पण भिंगरीने त्यानंतर ती सगळी जोडणी, एकूण एक टोक, दोनदा उलगडून पाहिली, आणि बसकाकांनाही पाहायला लावलं, त्यांना काही कळत नसताना.

प्लास्टर निघालं, हात पुरता बरा झाला आणि भिंगरी परत पट्टीवर गेली. क्लबच्या परीक्षकाने तासभर गाडी तपासली. बसकाका गेले, बॅटरीवाला गेला. बाई गेल्या नाहीत. त्यांनी दुकान उघडलं. मीही मुद्दाम उघडलं. त्या दिवशी बाईंनी एका टेम्पोचं हॉर्नचं काम हातात घेतलं होतं. हॉर्न बिचारा साधा होता, पण पत्र्यापलीकडून जे ऐकू येत होतं त्यावरून त्याने बाईंच्या सात पिढ्यांचं नुकसान केलं असावं असं वाटत होतं. स्क्रू पडले, पक्कड भिंतीवर आपटली. टेम्पोवाला माझ्या दुकानात येऊन बसला. म्हणाला, मी इथेच बसतो, झालं की सांगा.

फोन वाजला तेव्हा पलीकडचा आवाज एकदम थांबला. मीही मशीनवरचा पाय काढला. तो फोन वाजत राहिला, वाजत राहिला, आणि मग बाईंनी उचलला.

बटण चाललं होतं. गॅस आला होता. गाडी अशी उसळली, की भिंगरीच्याच तोंडून किंकाळी निघाली, असं बॅटरीवाल्याने नंतर सांगितलं. ती दुसरी आली. निळी गाडी तरीही थोडी पुढेच राहिली. यातलं काही बाईंनी विचारलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "संपलं?" मैदानावरून उत्तर आलं असणार, कारण त्यांनी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मग टेम्पोवाल्याला हाक मारली आणि हॉर्न इतका घाणेरडा का ठेवला म्हणून त्याला पुढची पंधरा मिनिटं फैलावर घेतलं.

याला आता बराच काळ लोटला. मायलेकी बोलतात, एका ताटात जेवत नसल्या तरी एका वेळी जेवतात. बाईंनी ती गाडी स्वीकारली, असं म्हणता येणार नाही. गाडीला त्या अजून हात लावत नाहीत, अंगणातून जाताना तिच्याकडे पाठ करून जातात. मैदानावर त्या परत कधी गेल्या नाहीत. शर्यत असली की सकाळपासून दुकानात आदळआपट सुरू होते, आणि नेहमीचं गिऱ्हाईक दारातूनच आवाज ऐकून उद्या येतो म्हणतं. मधल्या काळात दोन-तीन जण असलीच यंत्रणा बसवून मागायला आले. बाईंनी त्यांना तोंडावर नाही म्हटलं. कारण विचारलं तर कारणही सांगितलं, की मला नाही आवडत, दुसरीकडे जा. एकाने फारच गयावया केली, नीट काम करणारं दुसरं कुणी माहीत नाही म्हणाला. बाईंनी रागारागाने कागदाचा चिटोरा फाडला, त्यावर पत्ता लिहिला आणि त्याच्या हातात कोंबला. मी डोकावून पाहिलं. चष्म्याच्या दुकानाचा पत्ता होता.